मिनाकारीच्या धातुवस्तूंचा ऱ्हास व जतन : सोलापूरच्या हवामानाच्या संदर्भात

मिनाकारी ही धातूवर केलेली काचेची कारागिरी होय. वाळू, क्षार, शिसे आणि रंग देणारी धातूंची ऑक्साइडे यांची पूड सोने, चांदी वा तांबे यांवर कोरलेल्या खाचांत भरून भट्टीत वितळविली की मिना तयार होतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस राजा मानसिंगाने लाहोरहून कारागीर आणून ही कला आमेरला रुजविली, अशी परंपरागत समजूत आहे. जेकब व हेंडली यांचा जयपुरी मिन्यावरील ग्रंथ १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला, तोवर या वस्तू युरोपातील प्रदर्शनांत पोहोचल्या होत्या.

बिदर सोलापूरला जवळचे असल्याने येथे एक गोंधळ संभवतो. बिदरी म्हणजे मिनाकारी नव्हे. बिदरीत जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदीची तार वा पत्रा ठोकून बसवितात. काच मुळीच नसते. तिचा काळा रंग पॉलिशने उतरतो, तर मिना पाण्यानेही बिघडू शकतो. अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रसंग्रहासारख्या संस्थानी संग्रहांत नोंदवहीतील एका शब्दाची चूक म्हणूनच महागात पडू शकते. नोंद चुकली की उपचारही चुकतो.

ऱ्हासाचे मूळ काचेच्या घटनेतच असते. काच लवकर वितळावी म्हणून क्षार अधिक घातले आणि चुन्याचे प्रमाण कमी पडले, तर ती कायमची दुबळी राहते. दमट हवेत सोडियम व पोटॅशियमचे क्षार पृष्ठभागावर येऊन ओल ओढून घेतात. वस्तूला जणू घाम सुटतो. पुढे हवा कोरडी झाली की पाणी शोषलेला थर आकसून बारीक तडे जातात. चाळीस अंशांपलीकडचा कोरडा उन्हाळा आणि त्यामागून येणारा पावसाळा हे चक्र सोलापुरात दरवर्षी फिरते. मुंबईचा दमटपणा वाईटच. पण हे चढउतार त्याहून कमी घातक समजू नयेत.

तांब्यावरील मिन्याला लाकडी कपाटाचाही धोका असतो. प्लायवुड व काही लाकडांतून निघणारी फॉर्मिक आम्लाची वाफ काचेतून पाझरलेल्या क्षारांशी संयोग पावते व तांब्यावर निळसर-हिरवा थर चढतो. भांडे कळकले असे समजून तो चिंचेने घासला जातो. घरच्या समईला हा उपाय चालतो. मिन्याचे मात्र टवके उडतात, आणि उडालेला मिना पुन्हा भाजून बसविता येत नाही.

सुटू लागलेले टवके ॲसिटोनमध्ये विरघळविलेल्या पॅरालॉइड बी-७२ या राळेने स्थिर करता येतात. हे काम प्रशिक्षित हातांचे आहे. लखनऊची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा १९७६ पासून असे प्रशिक्षण व सल्ला देत आली आहे. लहान संग्रहांना परवडणारा उपाय म्हणजे लाकूडविरहित बंद काचपेटी आणि ४० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवलेली आर्द्रता. त्यासाठी सिलिका जेल उपयोगी पडते. मात्र ते पूर्ण वाळवून पेटीत ठेवल्यास हवा अतिकोरडी होऊन आधीचेच तडे रुंदावतात.