राजाच्या झग्यावरची माशी

सातेरी म्हटलं की सिंधुदुर्गात देवीचं देऊळ आठवतं. वारुळाच्या रूपात तिची पूजा होते. मधपाळाला विचारा, तो मात्र सातेरी म्हणजे माशी सांगेल. झाडाच्या ढोलीत, दगडी भिंतीच्या खबदाडीत, कधी ओसाड वारुळातही एकाशेजारी एक पोळी बांधणारी. आग्या माशीसारखी ती उघड्यावर राहत नाही, म्हणूनच तिला पेटीत पाळता येतं.

ही पेटी आली कुठून? राजेरजवाड्यांना मधमाशीचं कौतुक फार. 1804 साली नेपोलियनचा राज्याभिषेक झाला, तेव्हा त्याच्या झग्यावर सोनेरी माश्या भरलेल्या होत्या. त्याआधी 1770 मध्ये व्हिएन्नात सम्राज्ञी मारिया तेरेसाने अँटन यान्शा या स्लोव्हेनियन शेतकऱ्याच्या मुलाला मधमाशीपालनाचा शिक्षक नेमलं होतं. मला विचाराल तर झग्यापेक्षा ही नेमणूक मोठी. कारण पेंढ्याच्या टोपलीतल्या माश्या गंधकाच्या धुराने मारून मध काढायचा, हा तिकडचा जुना रिवाज. आपल्याकडे धूर करून पोळं पिळायचे. मधाबरोबर अंडी-अळ्याही चिरडल्या जात.

पेच सोडवला तो राजाने नव्हे, अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या धर्मोपदेशकाने. 1851 साली त्याच्या ध्यानात आलं, की साधारण 8-9 मिलिमीटरची फट ठेवली तर माशी ती मेणाने बुजवत नाही. येण्याजाण्याची वाट म्हणून मोकळी ठेवते. मग पोळ्याची चौकट अलगद उचलता येते. पुढे 1865 मध्ये ह्रुश्काने चौकट गरगर फिरवून मध काढणारं यंत्र केलं. पोळंही वाचलं.

पण सातेरी अंगाने लहान, तिला ती पेटी ऐसपैस. 1910 नंतरच्या दशकात दक्षिणेत न्यूटन या पाद्र्याने तिच्या मापाची पेटी बसवली. सावंतवाडीच्या राजघराण्याने गंजिफा जपला; माशीला मात्र दरबारापेक्षा सरकारी आणि खादी-ग्रामोद्योगाचा आधार अधिक मिळाला. महाबळेश्वर हे त्याचं मोठं केंद्र, तर पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था 1962 सालची.

कोकणात काजू-आंब्याच्या मोहोराला पेट्या बागेत ठेवाव्यात. पावसाळ्यात फुलोरा नसतो, तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो. उपासमार झाली, की सातेरी भरली पेटी सोडून जाते.