क्यूआर कोड (पाठ्यपुस्तकांतील)

शालेय पुस्तकात छापलेली, मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचता येणारी चौकोनी सांकेतिक खूण. बालभारतीच्या पुस्तकांत पहिल्या पानावरच्या कोडमधून अख्खे डिजिटल पुस्तक, तर पाठातल्या कोडमधून त्या पाठाचे दृक्‌श्राव्य साहित्य उघडते.

जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये हा कोड मोटारींच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी तयार केला. महाराष्ट्रात तो पाठ्यपुस्तकात आणण्याचा प्रयोग रणजितसिंह डिसले यांनी परितेवाडी (ता. माढा, जि. सोलापूर) येथील जिल्हा परिषद शाळेत केला; २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. राज्य शासनाने २०१७ मध्ये हा मार्ग स्वीकारला. त्याच वर्षी केंद्राचे ‘दीक्षा’ हे डिजिटल शैक्षणिक साहित्याचे व्यासपीठ सुरू झाले.

टॅब्लेट किंवा स्मार्ट बोर्ड घ्यायचा तर वीज, दुरुस्ती आणि कुलूपबंद खोली हे सगळे ओघाने येते. कोडला फक्त शाई लागते आणि पुस्तक तर प्रत्येक मुलाच्या दप्तरात असतेच. पुस्तक पुन्हा न छापता कोडमागचे साहित्य बदलता येते. कोडचा काही भाग फाटला वा पुसला, तरी रचनेनुसार कमाल सुमारे ३० टक्के नुकसानीपर्यंत तो वाचला जातो. जूनपासून एप्रिलपर्यंत पुस्तकाचे पान काय काय सोसते हे ठाऊक असलेल्याला या सोयीचे मोल कळेल. ‘दीक्षा’च्या कोडखाली सहा अक्षर-अंकांचा संकेतही असतो, कॅमेरा नसलेल्या संगणकावर तो टाइप करता येतो.

खर्च मात्र वाचत नाही, तो शाळेकडून पालकाच्या खिशात जातो. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे उघडे पडले: फोन घरात एकच, तोही वडिलांबरोबर कामावर, शिवाय रेंज आणि रिचार्जचा प्रश्न वेगळाच. मग जुन्या साधनांकडे वळावे लागले. सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका आली. पालघरच्या आदिवासी पाड्यांत ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले गेले. म्हणूनच वर्गात हा कोड मुलांपेक्षा शिक्षकाच्याच हाती अधिक शोभतो. गुरुजींच्या एका फोनला स्पीकर किंवा प्रोजेक्टर जोडला की कविता साऱ्या वर्गाला ऐकता येते. त्यासाठी फीत आदल्या दिवशीच उतरवून ठेवलेली बरी.