आयरिश स्थलनामे व शेतनावे

आयर्लंडमधील गावे, टेकड्या, ओढे व शेते यांची बहुसंख्य नावे आयरिश भाषेतील असून, नकाशावर मात्र ती इंग्रजी लेखनात आढळतात. ‘टाउनलँड’ हा तेथील जमिनीचा सर्वांत लहान अधिकृत विभाग. असे साठ हजारांहून अधिक विभाग आहेत आणि त्यांची नावे हाच अभ्यासकांचा मुख्य आधार.

‘नॉक’ म्हणजे टेकडी, ‘ड्रम’ डोंगराची सोंड, ‘डेरी’ ओकची राई. ‘बॅली’ वस्ती सुचवतो, तर ‘कॅरो’ जमिनीचा चौथा हिस्सा. सर्वांत फसवा घटक ‘किल’. किल्डेअर म्हणजे ओकवृक्षाचे चर्च. पण अरण्यवाचक आयरिश शब्दाचेही इंग्रजीत पुष्कळदा ‘किल’च झाले. अशा वेळी जुने दस्तऐवज व स्थानिक उच्चार पाहिल्याशिवाय निर्णय देता येत नाही. डब्लिनच्या फिनिक्स पार्कचे नाव ‘फिउन इश्के’, म्हणजे निर्मळ पाणी, याचा अपभ्रंश मानतात. लॉर्ड चेस्टरफील्डने 1747 मध्ये तेथे फिनिक्स पक्ष्याचा स्तंभ उभारून अपभ्रंशावर दगडी शिक्कामोर्तबच केले!

1824 मध्ये सुरू झालेल्या ऑर्डनन्स सर्वेक्षणाने नावांचे लेखन पक्के केले. जॉन ओडोनोव्हन हे 1830 पासून या कामात होते. ते गावोगाव जाऊन वृद्धांच्या तोंडून नाव ऐकत, जुन्या कागदांशी ताडून पाहत आणि नामवहीत आयरिश रूप नोंदवत. ब्रायन फ्रील यांच्या ‘ट्रान्स्लेशन्स’ (1980) या नाटकामुळे सर्वेक्षणाने नावे हिरावली असा समज रूढ झाला. तो एकांगी आहे: अनेक इंग्रजी रूपे त्याआधीच कागदोपत्री रुळली होती, आणि मूळ अर्थ शोधायला आज याच वह्या लागतात. पुढे पी. डब्ल्यू. जॉइस यांनी 1869 पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यांचा भरपूर उपयोग केला.

शेतनावांची मात्र सहसा नोंद झाली नाही. ‘पार्क’ (येथे बाग नव्हे, कुंपणाचे शेत), ‘गॉर्ट’ (पिकाचे शेत), ‘गॅरी’ (परसातला बटाट्याचा वाफा) यांना विहीर, घोडे, चुनाभट्टी असे काही जोडून शेजारपाजारी ओळख ठरे. आयरिश बोलणे सुटलेल्या घरांतही अशी नावे टिकली. पण बांध मोडून शेते एकत्र केली की दोन-तीन नावे एकदम जातात. मीथ परगण्यात स्थानिकांनी शेतकऱ्यांकडून ती गोळा करून ग्रंथरूपाने छापली आहेत.