परतलेले गिरणी कामगार व उत्पन्नविषमता

मुंबईतील कापडगिरण्यांच्या १९८२ च्या संपानंतर गावी परतलेल्या कामगारांच्या उत्पन्नात निर्माण झालेली तफावत. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या या संपात सु. २·५ लाख कामगार सहभागी झाले. संप औपचारिक रीत्या कधीच मागे घेण्यात आला नाही. तथापि अनेक गिरण्या पूर्ववत सुरू झाल्या नाहीत आणि हजारो कामगार कोकण व पश्चिम महाराष्ट्रातील आपल्या गावी गेले. वेतन सर्वांचेच थांबले; परंतु आघात सर्वांवर सारखा झाला नाही.

या तफावतीचे मूळ प्रथम गिरणीतच होते. कायम कामगारास भविष्यनिर्वाह निधी व उपदान यांचा काही आधार होता. कायम कामगाराच्या गैरहजेरीत काम मिळणाऱ्या बदली कामगाराची सेवा खंडित असल्याने त्याची पुंजी तुटपुंजी राहिली. विणाई खात्यात धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे. विटाळाच्या कल्पनेमुळे अस्पृश्य कामगारांना या अधिक वेतनाच्या खात्यात प्रवेश मिळत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न मांडला होता. अशा कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या बचतीस वाव कमी मिळाला.

गावी परतल्यावर जमिनीची मालकी निर्णायक ठरली. कृष्णा-पंचगंगा खोऱ्यात ज्याचे उसाचे बागायत क्षेत्र होते, तो शेतीत सामावू शकला. कोकणातील तुकड्यांत विभागलेल्या, पावसाळी भाताच्या जमिनीवर कुटुंबाचा वर्षभर निर्वाह होत नसे. ते मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चाले. मनीऑर्डर पाठविणाराच परतल्याने उत्पन्न बंद झाले आणि खाणारे वाढले. त्याचा भार घरातील स्त्रियांच्या श्रमांवर पडला. भूमिहीनांस शेतमजुरी किंवा रोजगार हमी योजनेची कामे एवढाच आधार उरला. काही कुशल विणकर भिवंडी, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे वळले. तेथे गिरणीतील वेतन व सेवासुरक्षा नव्हती.

मंदी व टाळेबंदीच्या काळात कामगारास गाव सांभाळून घेईल, हे गृहीत धरूनच मुंबईचा गिरणी उद्योग दीर्घकाळ चालला. १९८२ नंतरच्या अनुभवाने या गृहीताची मर्यादा उघड केली. ज्याची गावात जमीन होती, त्यालाच गावाचा आसरा मिळाला. ज्याच्याकडे ती नव्हती, त्याच्या पूर्वजांना मुंबईची वाट धरावयास लावणारे दारिद्र्यच परतल्यावर त्याच्या वाट्यास आले.