बर्क : खुन्याच्या नावाचे क्रियापद

इंग्रजी वाचताना क्वचित 'बर्क' हे क्रियापद भेटते. चौकशी बर्क केली, प्रश्न बर्क केला, म्हणजे गाजावाजा न करता दाबून टाकला. शब्दकोशातला अर्थ पाहून आपण पुढे जातो. पण हे एका माणसाचे आडनाव आहे, आणि तो माणूस खुनी होता.

स्कॉटलंडमधील एडिंबरो हे त्या काळी वैद्यकीय शिक्षणाचे मोठे केंद्र होते. शरीरशास्त्र शिकवायला प्रेते लागत. कायद्याने मात्र फाशी गेलेल्या खुन्यांचीच प्रामुख्याने मिळत. साहजिकच प्रेतांचा चोरटा व्यापार वाढला. १८२७ च्या अखेरीस विल्यम हेअरच्या घरी भाड्याने राहणारा एक वृद्ध पेन्शनर आजाराने वारला. हेअर आणि विल्यम बर्क यांनी त्याचे प्रेत डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शाळेला साडेसात पौंडांना विकले. मग मरणाची वाट तरी कशाला पाहायची? पुढच्या वर्षभरात त्यांनी १६ जणांना मारले. दारू पाजायची, छातीवर बसायचे, नाक-तोंड दाबून धरायचे. अंगावर जखम राहत नसे. बळी सारे गरीब, ज्यांची विचारपूस करायला कुणी येणार नाही असे.

हेअर माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. बर्कला २८ जानेवारी १८२९ रोजी फाशी झाली. त्याच्याही प्रेताचे विच्छेदन झाले. डॉ. नॉक्स यांच्यावर खटलाच भरला गेला नाही. १८३२ च्या कायद्याने वारस पुढे न आलेल्या गरिबांची प्रेते वैद्यकीय शाळांना मिळू लागली. बाजार थांबला, पण त्याची किंमत पुन्हा गरिबांनीच मोजली.

खून न दिसेल असा करणे, हा या शब्दाचा पहिला अर्थ. चार्ल्स डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स' (१८३६-३७) मध्ये तो याच अर्थाने, विनोदाच्या ओघात येतो. पुढे राजकारणाने आणि वृत्तपत्रांनी तो उचलला. माणसाचा श्वास कोंडणारा शब्द सत्याचा श्वास कोंडण्यासाठी वापरला जाऊ लागला.

आपल्या मराठीला हा प्रवास परका नाही. 'मुस्कटदाबी' म्हणजे शब्दशः तोंड दाबणेच. आज आपण तो शब्द विचारांसाठी वापरतो, आणि त्यामागचा घुसमटलेला माणूस विसरतो.

एक गोष्ट मात्र विसरू नये. शेवटच्या बळीचे प्रेत गवताखाली दिसले ते अ‍ॅन आणि जेम्स ग्रे या गरीब भाडेकरू दांपत्याला. गप्प राहण्यासाठी त्यांना आठवड्याला दहा पौंड देऊ केले गेले. एवढे पैसे त्यांनी आयुष्यात पाहिले नसतील. तरीही त्यांनी पोलिसांना कळवले. ते प्रकरण 'बर्क' झाले नाही, ते या दोघांमुळे.

भाषेने खुन्याचे नाव जपले. सत्य उघड करण्यासाठी 'ग्रे' असे क्रियापद मात्र कुठल्याच कोशात नाही.