बिऱ्हाड आणि दप्तर

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण आपल्या घरांतून पिढ्यानपिढ्या ऐकू येत आली आहे. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या फौजेबरोबर किंवा कचेरीतील चाकरीच्या निमित्ताने ज्यांचे पूर्वज परमुलखात येऊन स्थिरावले, त्यांच्या बाबतीत ती अक्षरशः खरी होती. मात्र अशा घराण्यांच्या जुन्या सामानाकडे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. मुक्काम बदलले, वाडे बदलले, भांडीकुंडीही बदलली. पण सनदा, वंशावळी आणि जमाखर्चाच्या वह्या बांधलेला रुमाल मात्र टिकला. बिऱ्हाड हलवायचे आणि दप्तर सांभाळायचे, ही दोन कामे वेगळी आहेत हे त्या मंडळींना पक्के ठाऊक होते.

हे आज आठवण्यास एक कारण घडले. काही दिवसांपूर्वी आमच्या मंडळाने जुन्या अंकांची आणि काही हस्तलिखितांची संगणकीय छायाचित्रे करवून घेतली व ती दूरच्या एका कंपनीच्या संगणकांवर ठेवली. काम पार पडल्याचे सभेत जाहीर होताच एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "कागद कपाटात होते तेव्हा निदान कपाट तरी दाखवता येत होते. आता ते आहेत कुठे?" या साध्या प्रश्नाचे नेमके उत्तर आमच्यापैकी कोणालाही देता आले नाही. ते शोधू लागलो तेव्हा साठ वर्षांचा एक इतिहास हाती लागला. तोच येथे थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

त्याचा आरंभ १९६० च्या दशकात होतो. संगणक तेव्हा खोलीभर पसरलेले आणि फार महागडे यंत्र होते. एका यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी, पण परस्परांना अडथळा न होता काम कसे करावे, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. अमेरिकेतील केंब्रिज येथील आयबीएमच्या शास्त्रीय केंद्रात रॉबर्ट क्रीसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीपी-४० नावाची प्रणाली रचली. ती १९६७ च्या आरंभी चालू झाली. एका खऱ्या यंत्राच्या पोटात ती १४ आभासी यंत्रे उभी करीत असे, आणि प्रत्येक वापरणाऱ्याला संपूर्ण संगणक आपल्याच मालकीचा आहे असे भासे. वाड्याचे भाग पाडून प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र दार, स्वतंत्र चूल, स्वतंत्र न्हाणीघर द्यावे तशीच ही योजना होती. या प्रणालींत खऱ्या डिस्कचेही तुकडे पाडून प्रत्येक आभासी यंत्राला आपापला तुकडा दिला जाई. त्याला मिनीडिस्क म्हणत. म्हणजे पहिल्या पिढीतच दोन प्रश्न उभे राहिले होते. राहायचे कोठे हा एक, आणि ठेवायचे कोठे हा दुसरा. १९७२ साली आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली आणि ही कल्पना प्रयोगशाळेबाहेर पडून व्यवहारात रुळली.

पुढे छोटे, स्वस्त संगणक आले. प्रत्येक कामासाठी वेगळा संगणक घेणे परवडू लागले, तशी वाडा वाटून घेण्याची गरज काही काळ मागे पडली. पण १९९० च्या दशकाच्या अखेरीस कचेऱ्यांतून सर्व्हरांची इतकी गर्दी झाली की त्यांतील पुष्कळसे दिवसभर रिकामेच बसलेले असत. १९९८ साली कॅलिफोर्नियात व्हीएमवेअर ही कंपनी स्थापन झाली. तिने साध्या संगणकांवरही आभासी यंत्रे चालवून दाखवली. तिच्या पद्धतीत आभासी यंत्राची डिस्क म्हणजे मोठ्या साठ्यातील एक फाइल असे. २००३ साली कंपनीने व्हीमोशन ही सोय दिली आणि चालू असलेले आभासी यंत्र काम न थांबवता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेता येऊ लागले. पाहणाऱ्यांना हा चमत्कारच वाटला. चमत्काराखालची अट मात्र थोड्यांच्या लक्षात आली. दोन्ही सर्व्हर एकाच सामाईक साठ्याशी जोडलेले असले तरच हे साधत असे. हलत होते ते बिऱ्हाड. दप्तर जागच्या जागी होते.

याच सुमारास दुसरा एक प्रवाह समांतर वाहत होता. प्रत्येक भाडेकरूला स्वतंत्र वाडा बांधून देण्याऐवजी एकाच वाड्यात, एकाच आडावर, फक्त पडदे टाकून खोल्या का देऊ नयेत, असा त्याचा विचार होता. १९७९ च्या युनिक्समध्ये एखाद्या प्रोग्रामला फाइलींच्या ठराविक कप्प्यापलीकडचे काही दिसू नये अशी सोय झाली. २००० साली फ्रीबीएसडीने जेल, २००५ साली सोलारिसने झोन या नावांनी ती अधिक बळकट केली. गूगलमधील पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी सुरू केलेले काम २००८ साली लिनक्समध्ये दाखल झाले आणि कोणत्या खोलीला किती पाणी, किती धान्य हेही ठरवता येऊ लागले. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायथॉन भाषेच्या परिषदेतील अवघ्या काही मिनिटांच्या भाषणात डॉकर जगासमोर ठेवले, आणि कंटेनर हा शब्द या व्यवसायात सर्वतोमुखी झाला.

हा शब्द घेतला होता बंदरावरून. एप्रिल १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीन यांचे आयडियल एक्स हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला गेले, तेव्हापासून मालवाहतुकीची तऱ्हाच पालटली. पेटीत काय आहे हे हमालाला कळण्याची गरज उरली नाही. डॉकरचेही तेच झाले. प्रोग्राम आणि त्याला लागणारे सारे साहित्य एका पेटीत भरले की ती कोणत्याही यंत्रावर तशीच चालते. पण बंदरावरची पेटी माल सांभाळून नेते, आणि संगणकातील पेटी चालू असताना तिच्यात जमा झालेले पेटीबरोबरच नष्ट होते. डॉकरच्या पेटीचे खालचे थर केवळ वाचण्यापुरते असतात. त्यांवर लिहिण्यासाठी एक पातळ थर दिलेला असतो, आणि पेटी काढून टाकली की तो थरही जातो. हा दोष नव्हता, ते धोरणच होते. पेटी बिघडली तर दुरुस्त करीत बसू नये, फेकून नवी उघडावी. एकीच्या जागी शंभर उघडाव्यात. आणि असे करता यावे म्हणून तिने स्वतःजवळ काही आठवणीत ठेवू नये. ज्याला जपून ठेवायचे आहे त्याने पेटीबाहेरचा साठा वेगळा जोडून घ्यावा. त्या साठ्याला व्हॉल्यूम म्हणतात. आरंभीच्या काळात जाणकारांचा सल्ला असाच असे की हिशेबाच्या वह्या, म्हणजे डेटाबेस, या पेट्यांच्या वाटेला जाऊच देऊ नयेत.

परंतु वहीवाचून कोणाचा व्यवहार चालला आहे? जून २०१४ मध्ये गूगलने कुबरनेटीस ही प्रणाली खुली केली. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणूधारी. हजारो पेट्या कोणत्या यंत्रावर चालवायच्या, कोणती मेली, तिच्या जागी दुसरी कोठे उभी करायची, हे ती पाहते. जुलै २०१५ मध्ये तिची पहिली स्थिर आवृत्ती आली. तिच्यात साठ्यासाठी रीतसर कारभार होता. पेटीने मागणीपत्र द्यावे, कारभाऱ्याने त्या मापाचा साठा नेमून द्यावा, आणि पेटी बदलली तरी मागणीपत्र कायम राहावे.

या प्रवासातला एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. या व्यवसायात तेव्हा असे म्हणत की सर्व्हर पाळीव कुत्र्यामांजरांसारखे लाडाने वाढवू नयेत, ते खिल्लारातल्या बिननावाच्या गुरांसारखे असावेत. २०१६ च्या मध्यावर डेटाबेससारख्या कामांसाठी ज्यांना स्वतःचे नाव, क्रमांक आणि स्वतःचा साठा लागतो अशा पेट्यांची सोय झाली, तेव्हा तिला पेटसेट, म्हणजे पाळीवांचा संच, असे नाव दिले गेले. डिसेंबरात ते बदलून स्टेटफुलसेट केले, आणि २०१७ च्या अखेरीस ही सोय स्थिर म्हणून जाहीर झाली. आपल्याकडचा शेतकरी गोठ्यातील प्रत्येक बैलाला नाव ठेवतो. त्याला ही उपमा मुळातच पटली नसती. नाव उपरोधाचे असो वा नसो, त्यातील कबुली महत्त्वाची होती. ज्याला स्मृती आहे त्याला ओळख द्यावीच लागते.

आता गुंतागुंत अशी की बहुतेक कचेऱ्यांतून या पेट्या प्रत्यक्ष यंत्रावर नव्हे, तर आभासी यंत्रांच्या आत चालतात. वाड्यात भाग, भागात खोल्या. खोलीतील माणसाने वहीत ओळ लिहिली की ती आधी आभासी यंत्राच्या हाती जाते, तेथून खालच्या खऱ्या सर्व्हरच्या, आणि तेथून साठ्यातील डिस्कवर. प्रत्येक पायरीवर कोणीतरी "पोचले" असे सांगत असतो. त्या पोचीवर किती विसंबावे, हा प्रश्न २०१८ साली पोस्टग्रेस या नामांकित डेटाबेसच्या कर्त्यांपुढे उभा राहिला. लिनक्सवर एकदा लिहिणे फसले आणि पुन्हा विचारले, तर काही वेळा "सर्व ठीक" असे उत्तर येते, आणि आपण वर्षानुवर्षे त्यावर विश्वास ठेवत आलो, हे त्यांना तेव्हा उमगले. त्यानंतर त्यांनी अशा प्रसंगी काम तेथेच थांबवण्याचा नियम केला.

दुसरी अडचण साठ्याच्या मालकीची. एखादे आभासी यंत्र अचानक बोलेनासे झाले तर त्याला जोडलेली डिस्क लगेच सोडवून दुसऱ्याला द्यावी, असे कोणालाही वाटेल. पण ते यंत्र मेले नसून केवळ संपर्क तुटला असेल, तर दोन कारकून एकाच वहीत एकाच वेळी लिहू लागतील आणि वही वाया जाईल. म्हणून कुबरनेटीसमध्ये डिस्क बळाने सोडवण्यापूर्वी ६ मिनिटे वाट पाहण्याची रीत ठेवली गेली. घाईच्या या युगात अशी सबुरी विरळाच. डिसेंबर २०१८ मध्ये साठा पुरवणाऱ्या सर्वांसाठी एक समान जोडणी-नियम कुबरनेटीसमध्ये पक्का झाला. पुढच्याच वर्षी व्हीएमवेअरने अशी व्यवस्था दिली की पेटीचा साठा कोणत्याही एका आभासी यंत्राच्या आयुष्याशी बांधलेला न राहता स्वतंत्र डिस्क म्हणून नोंदला जाईल. १९६७ च्या मिनीडिस्कपासून निघालेली वाट येथवर आली. भाडेकरू, खोली आणि वाडा या तिघांपासूनही दप्तर वेगळे झाले.

मग सारे सुरक्षित झाले काय? तसे म्हणवत नाही. मागणीप्रमाणे आपोआप नेमलेल्या साठ्याविषयी कुबरनेटीसचा मूळ नियम असा आहे की मागणीपत्र काढून टाकले की साठाही पुसला जातो. राखून ठेवायचा असेल तर तसे आधी लिहून द्यावे लागते. मौन ही येथे नाशाला दिलेली संमती ठरते. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गूगलकडे असलेली आभासी यंत्रांची संपूर्ण व्यवस्था पुसली गेली. ती उभारताना एक रकाना कोरा राहिला होता. त्यामुळे तिला एका वर्षाची मुदत लागली आणि मुदत भरताच ती आपोआप नाहीशी झाली. ६ लाखांहून अधिक सभासदांना काही दिवस आपली खाती पाहता आली नाहीत. वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रती होत्या म्हणून निभावले. त्याआधी मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबुर्ग येथील ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागली तेव्हा ज्यांच्या प्रती त्याच आवारात होत्या, त्यांतील काहींचे मूळ आणि प्रत दोन्ही गेले. आणि जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या कंपनीत चुकीच्या यंत्रावरचा डेटाबेस पुसला गेला, तेव्हा प्रती राखण्याच्या पाचही पद्धती कामास आल्या नाहीत. ६ तासांपूर्वी अन्य कामासाठी घेतलेली एक प्रत योगायोगाने हाती लागली, एवढेच.

पेशवाई १८१८ साली संपली, पण तिचे दप्तर राहिले. पुढे रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. ज्या दरबारासाठी ते कागद लिहिले गेले तो नाहीसा होऊन शतक उलटले होते. दप्तर आपल्या धन्याहून दीर्घायुषी असावे, ही अपेक्षा त्या कारकुनांनी शब्दांत मांडली नसेल, पण त्यांच्या हातून ती पुरी झाली. आजच्या यंत्रांत बिऱ्हाडाचे आयुष्य काही क्षणांवर आले आहे. त्या मानाने दप्तराविषयीची आपली जबाबदारी वाढली आहे, कमी झालेली नाही.

त्या ज्येष्ठ सभासदांना आम्ही आता उत्तर देऊ शकतो. आपले कागद एका पेटीने मागितलेल्या साठ्यात आहेत. तो साठा एका आभासी यंत्राला जोडलेला आहे, आणि ते यंत्र कोठल्या सर्व्हरवर आहे हे आज एक तर उद्या दुसरे असेल. म्हणून कपाट दाखवता येणार नाही. पण कपाटाच्या चार गोष्टी मागता येतील. साठा कोणाच्या नावावर आहे, तो पुसण्याचा अधिकार कोणाला आहे, वर्गणी थकली तर त्याचे काय होते आणि दुसरी प्रत कोणत्या वेगळ्या छपराखाली आहे, हे मंडळाने लेखी मागवले आहे. शिवाय दरवर्षी एकदा ती प्रत उघडून वाचून पाहावी असे ठरले आहे. पूर्वी पावसाळा सरला की रुमाल सोडून कागदांना ऊन दाखवीत. तोच परिपाठ पुढे चालवायचा आहे.