दुहेरी प्रोसेसर वर्कस्टेशन : मेमरीची वाटणी
इंटेलच्या जुन्या झिऑन वर्कस्टेशनमध्ये दोन्ही प्रोसेसर एकाच बसवरून सामाईक मेमरीपर्यंत पोहोचत. दुसरा प्रोसेसर बसवला तरी मेमरीचा रस्ता तेवढाच राही, त्यामुळे वेग क्वचितच दुप्पट होई.

ही कोंडी २००३ मध्ये एएमडीच्या ऑप्टेरॉनने फोडली. मेमरी कंट्रोलर थेट प्रोसेसरच्या चिपवर आला, त्यामुळे प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची मेमरी मिळाली, आणि दोन्ही प्रोसेसर हायपरट्रान्सपोर्ट या दुव्याने जोडले गेले. ही रचना निःसंशय सरस होती. मात्र दुसऱ्या प्रोसेसरकडच्या मेमरीतला डेटा आणायला जास्त वेळ लागतो, म्हणून तो कुठे ठेवायचा याचे भान ऑपरेटिंग सिस्टीमला राखावे लागते. २००९ मध्ये झिऑन ५५०० मालिकेत इंटेलनेही हीच वाट धरली.

याच मालिकेचे दोन प्रोसेसर असलेल्या त्याच वर्षीच्या मॅक प्रोमध्ये प्रत्येक प्रोसेसरला रॅमचे चार स्लॉट होते, पण मेमरीकडे जाणारे चॅनेल तीनच. चौथी रॅम तिसरीच्या चॅनेलमध्ये वाटेकरी होई.